तारेचा रोध राहतो कोठें?

शाळा सोडून कितीहि वर्षें लोटलीं तरी ओहमचा नियम बहुतेकांच्या स्मरणांत राहतो. तारेच्या दोन टोकांमध्यें विजेचा दाब जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. आणि दाबाला प्रवाहानें भागिलें असतां येणारी जी स्थिर संख्या, तिचेंच नांव त्या तारेचा रोध. तार दुप्पट लांब घेतली कीं रोध दुप्पट होतो. तिच्या छेदाचें क्षेत्रफळ दुप्पट केलें कीं तो निम्म्यावर येतो. घरांतील इस्त्रीपासून गांवाला वीज पुरविणाऱ्या केंद्रापर्यंतचे पुष्कळसे हिशेब याच नियमाच्या आधारें चालतात. इतका सोपा आणि उपकारक नियम क्रमिक पुस्तकांत दुसरा क्वचितच सांपडेल.

हा नियम ज्यानें शोधिला तो गेओर्ग ओहम शाळामास्तरच होता, हें सांगतांना आम्हां शिक्षकांना थोडा अभिमान वाटतो. कुलपें करणाऱ्या एका कारागिराचा हा मुलगा जर्मनींतील कोलोन शहरांत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि शाळेच्या उपकरणांवरच त्याचे प्रयोग चालत. निरनिराळ्या लांबीच्या तारा घ्याव्या, त्यांतून प्रवाह सोडावा आणि चुंबकसूची किती वळते तें मोजावें, असा त्याचा क्रम होता. इ. स. १८२७ मध्यें त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण स्वदेशीं त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें कॉप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला तो १८४१ सालीं, म्हणजे चौदा वर्षांनीं. आज ज्या शोधाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यानें ओहमचा नियम खोटा ठरविलेला नाहीं; त्याच्या पोटांत काय दडलें आहे तें दाखविलें आहे. परंतु तें समजून घेतांना आमची स्वतःची एक जुनी चूक आम्हांला कळून आली, आणि ती कबूल केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे.

आमचा मुख्य विषय संस्कृत. पण शास्त्राचे शिक्षक रजेवर गेले कीं त्यांचा तास पुष्कळदां आमच्याकडे येई. १९९२ च्या पावसाळ्यांत असाच एक तास आम्ही घेत होतों. रोध कां उत्पन्न होतो, हें आम्हीं पुस्तकांत दिल्याप्रमाणें सांगितलें: तारेंतून इलेक्ट्रॉन धांवतात, वाटेंत अणूंवर आदळतात, त्यामुळें त्यांची गति खुंटते व तार तापते. मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, वाटेंत आदळायला कांहींच नसलें तर?" आम्ही म्हणालों, "मग रोध शून्य." तो बसला नाहीं. "मग सर, थोडासा दाब लावला तरी अमर्याद प्रवाह वाहील का?" वर्ग हंसला. आम्ही म्हणालों, "अशी तार जगांत नसते. बैस खालीं." तो बसला, आणि आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळलों.

त्या गोष्टीला आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आमची सून महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविते. गेल्या चातुर्मासांत दुपारच्या निवांत वेळीं ही हकीकत आम्हीं तिला सहज सांगितली. ती हंसली नाहीं. म्हणाली, "बाबा, तुम्ही ‘अशी तार नसते’ म्हणालांत, त्याच्या चार वर्षें आधींच ती तयार झाली होती. आणि तिचा रोध शून्य भरला नाहीं." पुढें कित्येक दिवस तिनें शिकवावें व आम्हीं शिकावें असा क्रम चालला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें उत्तर अगदींच निराधार होतें असें नाहीं. १९०० सालीं पॉल द्रूडे या जर्मन शास्त्रज्ञानें टकरींवर आधारलेली रोधाची उपपत्ति मांडिली. तीच पुढें पाठ्यपुस्तकांत आली. १९२८ त फेलिक्स ब्लॉख यानें तींत महत्त्वाची दुरुस्ती केली. अणु अगदीं शिस्तीनें, ठराविक अंतरावर उभे असतील तर ते इलेक्ट्रॉनला अडवीत नाहींत. अडवितें तें त्यांचें उष्णतेनें होणारें कंपन आणि स्फटिकांत शिरलेली अशुद्धि. घरच्या तांब्याच्या तारेंत इलेक्ट्रॉन सरासरीनें सुमारें ४० नॅनोमीटर निर्वेध जातो आणि मग कशावर तरी आदळून दिशा बदलतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षावा भाग. तेव्हां मीटरभर लांबीत असे अडीच कोटि टप्पे मावतात. या असंख्य टकरींची सरासरी काढली कीं ओहमचा नियम निघतो. मग टकरी नाहींशा झाल्या कीं रोधहि नाहींसा व्हावा, हा तर्क सरळच दिसतो. तो चुकतो कोठें?

या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें तें रॉल्फ लांडाउअर यानें. जर्मनींत श्टुटगार्ट येथें जन्मलेला हा शास्त्रज्ञ लहानपणींच, १९३८ सालीं, अमेरिकेस गेला व पुढें आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागला. १९५७ सालच्या एका निबंधांत त्यानें दाखविलेल्या मार्गाचें सार असें: तारेंत इलेक्ट्रॉनला काय काय अडथळे होतात हें मोजीत बसण्यापेक्षां, एका बाजूनें आलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूला पोंचण्याचा संभव किती, हें विचारावें. तार वीज किती चांगली वाहते, तर इलेक्ट्रॉन जितक्या सहजतेनें पार होतो तितकी. विचार साधा, पण त्यांतून एक वाद उभा राहिला. मार्ग पूर्णपणें मोकळा असून आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन पार होत असेल, तर रोध शून्य धरावा, कीं तरीहि कांहीं शिल्लक उरावें? १९८० नंतरच्या दशकांत जाणत्या विद्वानांत यावर दोन पक्ष होते. मागच्या बांकावरच्या मुलाचाच हा प्रश्न!

उत्तर समजण्यास इलेक्ट्रॉनचें दुसरें रूप ध्यानांत घेतलें पाहिजे. १९२४ मध्यें लुई द ब्रॉय या फ्रेंच शास्त्रज्ञानें द्रव्यकणांनाहि तरंगरूप असतें असें प्रतिपादन केलें, आणि १९२७ त अमेरिकेंत डेव्हिसन व जर्मर यांनीं व ब्रिटनमध्यें जॉर्ज थॉमसन यानें तें प्रयोगानें सिद्ध केलें. तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून तिच्या लांबीत अर्धतरंग पूर्ण संख्येनेंच मावतात: एक, दोन, तीन, अडीच मावत नाहींत. अरुंद बोळांतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची आडव्या दिशेनें हीच स्थिति होते. बोळाच्या रुंदीत एक अर्धतरंग मावला तर पलीकडे जाण्याची एक वाट मिळते. दोन मावले तर दोन वाटा. दीड वाट असा प्रकार नाहीं. तांब्यांत ही तरंगलांबी सुमारें अर्धा नॅनोमीटर, म्हणजे अणूच्याच मापाची असते. त्यामुळें साध्या तारेच्या जाडीत अशा वाटा अगणित होतात आणि त्यांचा एकेकीचा वेगळेपणा कळून येत नाहीं. धान्याची रास दुरून सलग दिसते, तसेंच हें.

वाटा एकेक करून मोजावयाच्या तर तरंगलांबी मोठी आणि बोळ अरुंद पाहिजे. हें साधलें १९८८ सालीं, आणि तेंहि दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें. हॉलंडांत डेल्फ्टचें तंत्रविद्यापीठ व आइंडहोव्हेनची फिलिप्स प्रयोगशाळा येथील बार्ट व्हान वेस, हेंक व्हान हौटेन, कार्लो बेनाक्कर आणि त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग केला. इंग्लंडांत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत मायकेल पेपर यांच्या मंडळींनीं दुसरा. गॅलियम आर्सेनाइड आणि त्यांत अॅल्युमिनियम मिसळलेलें तेंच संयुग, अशा दोन अर्धवाहकांचे थर एकावर एक चढविले असतां त्यांच्या सांध्यापाशीं इलेक्ट्रॉनांचा एक अत्यंत पातळ थर सांचतो. डेल्फ्टच्या नमुन्यांत या थरांतील इलेक्ट्रॉन कांहीं सहस्र नॅनोमीटर न अडखळतां जाऊं शके, आणि त्याची तरंगलांबी सुमारें ४२ नॅनोमीटर, म्हणजे तांब्यांतल्यापेक्षां जवळजवळ शंभरपट होती. पृष्ठभागावर धातूचे दोन पातळ पट्टे समोरासमोर बसविले होते; मध्यें २५० नॅनोमीटरची फट. पट्ट्यांना ऋण दाब दिला कीं त्यांच्याखालचे इलेक्ट्रॉन दूर ढकलले जातात व फटीखालीं तेवढा एक बोळ उरतो. दाब वाढवीत गेलें कीं तो अरुंद होत होत शेवटीं बंद होतो. सर्व उपकरण निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.६ केल्विन उष्णतामानावर ठेविलेलें. अशा रीतीनें, जींत आदळण्यास कांहींच नाहीं अशी वाट तयार झाली, आणि तिची रुंदी हवी तशी कमीजास्त करतां येऊं लागली.

बोळ रुंद करीत नेला तर प्रवाह हळूहळू, एकसारखा वाढत जावा, अशी कोणाचीहि अपेक्षा असेल. पण आलेखांत चढण दिसली नाहीं. दिसला तो जिना. बोळ रुंद होत असतांहि प्रवाह कांहीं वेळ आहे तेवढाच राही, मग एकदम एक पायरी चढे, पुन्हां स्थिर राही, पुन्हां चढे. रुंदी शून्यापासून ३६० नॅनोमीटरपर्यंत नेतांना अशा सोळा पायऱ्या मोजल्या गेल्या. २१ नॅनोमीटरचे अर्धतरंग ३६० नॅनोमीटरांत सतरा मावतात. तेव्हां हा हिशेब चांगलाच जुळतो. सर्व पायऱ्यांची उंची सारखी होती. भोवतालच्या भागाचा किरकोळ रोध वजा घातल्यावर पहिल्या पायरीवर १२,९०६ ओहम, दुसरीवर त्याच्या निम्मे म्हणजे ६,४५३, तिसरीवर तृतीयांश म्हणजे ४,३०२, असा क्रम लागला.

ही १२,९०६ संख्या आली कोठून? ती गॅलियमच्या गुणधर्मांवर अवलंबून नाहीं आणि बोळाच्या लांबीवरहि नाहीं. ती केवळ दोन राशींपासून होते: प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनवरील विद्युद्भार. प्लांकच्या स्थिरांकाला या भाराच्या वर्गाच्या दुपटीनें भागिलें कीं ती येते. ज्यांना हिशेबाची आवड आहे त्यांनीं ताळा करून पाहावा. ६.६२६ ला दहाच्या ३४ व्या घातानें भागावें, म्हणजे स्थिरांक ज्यूल-सेकंदांत मिळतो, १.६०२ ला दहाच्या १९ व्या घातानें भागावें, म्हणजे भार कूलंबांत मिळतो.

असें कां व्हावें, हें समजण्यास आषाढीच्या वारींतील एक दृश्य उपयोगी पडेल. अरुंद पुलावरून वारकरी एकेरी ओळीनें चालले आहेत. झपझप चालणाऱ्यांमध्यें अंतर मोठें पडतें. सावकाश चालणारे एकमेकांना लागून चालतात. त्यामुळें एका मिनिटांत पूल ओलांडणारांची संख्या दोन्ही वेळां बहुधा सारखीच भरते. माणसांत हा हिशेब थोडा इकडेतिकडे होईल. इलेक्ट्रॉनांत तो कांटेकोर जुळतो. पाउली यानें १९२५ त सांगितलेल्या नियमाप्रमाणें दोन इलेक्ट्रॉन एकाच स्थितींत राहूं शकत नाहींत. म्हणून एका वाटेनें जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांमध्यें कालाचें एक किमान अंतर राहतेंच, आणि तें केवळ दाबावर ठरतें. एका व्होल्टचा सहस्रांश इतका दाब असेल तर सेकंदाचे दशलक्ष गुणिले दशलक्ष भाग करून त्यांतील चार भाग, एवढें तें अंतर असतें. इलेक्ट्रॉनच्या स्वतःभोवतींच्या फिरकीचे दोन प्रकार असल्यामुळें दर खेपेस एकाऐवजीं दोघांना जागा मिळते. दाब दुप्पट केला कीं अंतर निम्मे होतें व प्रवाह दुप्पट होतो. म्हणजे ओहमचा नियम येथेंहि पाळला जातो! फक्त तारेची लांबी हिशेबांतून गळून पडली आहे.

आतां मूळ प्रश्न. वाटेंत टक्कर नाहीं, तर रोध राहतो कोठें? बोळाच्या दोन्ही अंगांना जो रुंद प्रदेश आहे, त्यांत वाटा असंख्य. बोळांत एक किंवा दोन. त्यामुळें बहुतेक इलेक्ट्रॉन बोळाच्या तोंडाशींच परतविले जातात. ज्यांना प्रवेश मिळतो ते बिनधोक पार होतात, आणि दाबापासून मिळालेली ऊर्जा बाहेरच्या रुंद प्रदेशांतील कंपनांना देऊन टाकतात. रोध आपण मांडतों बोळाच्या नांवें. उष्णता मात्र निघते बोळाच्या बाहेर.

हें ऐकतांच आमचें मन सहजच वैशेषिक दर्शनाकडे वळलें. गुण हा द्रव्याच्या आश्रयानें राहतो, ही त्या दर्शनाची शिकवण. तारेचा रोध हा तारेचा गुण, तिच्या धातूंत मुरलेला, अशीच आमची समजूत होती, आणि लांब तारेपुरती ती चालते. पण वैशेषिकांच्या गुणांच्या यादींत संयोग नांवाचा एक गुण आहे. तो एकट्या द्रव्यांत राहत नाहीं. जीं दोन द्रव्यें एकत्र आलीं त्या दोहोंच्या आश्रयानें राहतो. अरुंद बोळाचा रोध या जातीचा आहे. तो बोळाचा एकट्याचा नव्हे आणि मैदानाचाहि एकट्याचा नव्हे; मैदान जेथें बोळाला मिळतें त्या मिलनाचा तो आहे. प्राचीनांना हा शोध ठाऊक होता असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं; परंतु एखादी नवी गोष्ट मनांत ठेवावयास जुन्या विद्येंतला कोनाडा उपयोगी पडतो, एवढें खरें.

हा निर्णय नुसत्या तर्कावर राहिला नाहीं. २००१ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत दे पिचियोतो व त्यांचे सहकारी यांनीं अशाच एका निर्वेध तारेला मधल्या दोन ठिकाणीं हलकेच जोडण्या करून आंतल्या आंत दाब किती उतरतो तें मोजलें. मोजणीच्या मर्यादेंत तो मुळींच उतरत नव्हता, म्हणजे तारेचा स्वतःचा रोध शून्य. टोकांच्या बाहेरून मोजलें कीं मात्र प्रवेशाचा रोध हजर. दोन्ही पक्ष खरे ठरले. ते निरनिराळ्या ठिकाणीं मोजीत होते, एवढेंच.

हें सर्व अतिशीत प्रयोगशाळेंतच घडतें असेंहि नाहीं. सोन्यासारख्या धातूंत तरंगलांबी अणूएवढी असल्यामुळें बोळहि एका अणूइतका अरुंद केला पाहिजे. पण मग थंडीची गरज राहत नाहीं. १९९५ त माद्रिदच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, धातूच्या दोन साध्या तारा एकमेकींस टेकवून ठेवाव्या आणि मेजावर टिचकी मारावी. तारा सुटतांना त्यांच्यामध्यें क्षणभर अणूंचा एक बारीक धागा ओढला जातो व प्रवाह पायरीपायरीनें उतरतो. १९९८ सालीं जपानांत सोन्याच्या अणूंची एकेरी ओळ इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष पाहत असतांनाच तिची वाहकता मोजण्यांत आली. ती एका पायरीइतकी भरली.

या विषयांत सर्व कांहीं संपलें आहे असें वाचकांनीं समजूं नये. १२,९०६ ची दुप्पट, म्हणजे सुमारें २५,८१३ ओहम, ही संख्या क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० सालीं प्रबळ चुंबकीय क्षेत्रांतील प्रयोगांत मिळाली. तिच्याबद्दल त्यांना १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि आज रोधाचीं प्रमाणें तिच्यावरूनच लावलीं जातात. अरुंद बोळाच्या पायऱ्या तितक्या कांटेकोर नसतात. शेंकडा एखाद्या अंशाचा फरक राहतो. शिवाय पहिल्या पायरीच्या खालीं, तिच्या सुमारें सात दशांश उंचीवर, आणखी एक अस्पष्ट पायरी दिसते. केंब्रिजच्या मंडळींनीं १९९६ त तिच्याकडे लक्ष वेधलें. इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवर होणारा परिणाम तिच्या मुळाशीं आहे असें सामान्यतः मानतात. पण नेमकी उपपत्ति कोणती, यावर विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं. या बोळाचा उपयोगहि होऊं लागला आहे. पायरी अर्धवट चढलेल्या बोळाशेजारीं एकच इलेक्ट्रॉन येऊन बसला तरी प्रवाहांत फरक पडतो. म्हणून एकेका इलेक्ट्रॉनची चाहूल घेण्यास तो वापरतात.

त्या मुलाचें पुढें काय झालें हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्याची आतां पन्नाशी जवळ आली असेल. त्याचीं मुलें शाळेंत असतील. हा अंक कदाचित् त्याच्या हातीं पडला तर त्याच्यासाठीं एवढें लिहून ठेवतों. वाटेंत कांहींच नसेल तर वाटेचा स्वतःचा रोध शून्य, हें आमचें उत्तर अर्धें बरोबर होतें. मग प्रवाह अमर्याद होईल का, ही तुझी शंका मात्र पूर्णपणें योग्य होती. तो अमर्याद होत नाहीं, कारण वाट कितीहि मोकळी असली तरी दारांतून आंत शिरणारांना ठराविक अंतर राखून ओळीनेंच यावें लागतें. त्यापुढचें ‘अशी तार जगांत नसते’ हें वाक्य चूक होतें. आणि ‘बैस खालीं’ म्हणालों, ती तर त्याहून मोठी चूक होती.